एकाच सकाळी दोन व्यासपीठे : सातोरू इवाता यांचे २०११ मधील भाषण

२ मार्च २०११, बुधवार. सॅन फ्रान्सिस्को शहरातील मॉस्कोनी सेंटरमध्ये सकाळी नऊ वाजता निंटेंडो कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता भाषणासाठी उभे राहिले. समोर जगभरातून आलेले गेम-निर्माते बसले होते : प्रोग्रामर, चित्रकार, संगीतकार, आराखडे रचणारे. प्रसंग होता ‘गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स’च्या पंचविसाव्या अधिवेशनाचा. इवाता यांचे भाषण संपते न संपते तोच, तेथून हाकेच्या अंतरावर असलेल्या येर्बा बुएना कलाकेंद्रात दुसरा पडदा वर गेला. आजारपणाच्या रजेवर असलेले स्टीव्ह जॉब्स अनपेक्षितपणे मंचावर आले आणि त्यांनी आयपॅड २ जगासमोर ठेवला.

एका सभागृहात सांगितले जात होते की, मोबाइलवरच्या स्वस्त गेमांमुळे गेम करून पोट भरणाऱ्यांचा धंदाच धोक्यात येत आहे. दुसऱ्या सभागृहात अभिमानाने सांगितले जात होते की, ॲपलने आपल्या दुकानातून विकल्या गेलेल्या ॲपपोटी निर्मात्यांना आजवर दोन अब्ज डॉलर दिले आहेत. दोन्ही विधाने खरी होती, आणि म्हणूनच ही सकाळ गेमच्या इतिहासात लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या अधिवेशनाची सुरुवात अगदी घरगुती होती. १९८८च्या वसंतात ख्रिस क्रॉफर्ड नावाच्या गेम-निर्मात्याने कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे आपल्या घरच्या दिवाणखान्यात समव्यवसायी मंडळींना बोलावले. जमलेल्यांची संख्या होती २७. त्या काळी गेम करणारा माणूस बहुधा एकटा काम करी. दुसरा कोणी त्याच अडचणीशी झुंजतो आहे की नाही, हे कळण्याचा मार्ग नसे. एकमेकांना युक्त्या सांगाव्यात, प्रकाशकांच्या करारांविषयी तक्रारी कराव्यात, एवढाच त्या बैठकीचा हेतू होता. त्याच वर्षी दुसरी, मोठी बैठक झाली आणि पुढे वार्षिक प्रथा पडली. दिवाणखान्यातून सुरू झालेली ही मंडळी २०११ पर्यंत हजारोंच्या घरात गेली होती. व्यासपीठ मोठे झाले, प्रायोजक आले, कंपन्यांच्या घोषणा आल्या. तरीही येथे वक्त्याला पारखले जाई ते ‘हा आपल्यातला आहे का?’ या एका कसोटीवर.

इवाता या कसोटीला उतरलेले होते. २००५ साली याच अधिवेशनात बोलताना त्यांनी आपली ओळख तीन पायऱ्यांत करून दिली होती : कार्डावर आपण कंपनीचे अध्यक्ष आहोत, मनाने गेम-निर्माते आहोत, पण अंतःकरणाने मात्र खेळाडू आहोत. हे वाक्य पुढे फार गाजले. मोठ्या कंपनीच्या अध्यक्षाच्या तोंडी असे वाक्य सहसा जनसंपर्क विभागाने घातलेले असते. इवातांच्या बाबतीत त्यामागे पंचवीस वर्षांचा पुरावा होता.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १९५९ रोजी जपानच्या उत्तरेकडील सप्पोरो शहरात झाला. वडील पुढे मुरोरान शहराचे महापौर झाले. शाळेत असताना इवातांच्या हाती एचपी-६५ हा प्रोग्राम करता येणारा गणकयंत्राचा प्रकार आला आणि त्यावर त्यांनी आकड्यांचा बेसबॉल रचला. पडद्यावर चित्र नाही, आवाज नाही, फक्त अंक. वर्गमित्र तेवढ्यावर रमत. तोक्यो येथील तंत्रविद्यापीठात शिकत असताना ते इकेबुकुरोमधील एका बड्या दुकानाच्या संगणक विभागात तासन्‌तास रेंगाळत. तेथे जमणाऱ्या टोळक्यातूनच १९८० साली ‘हाल लॅबोरेटरी’ ही छोटी कंपनी उभी राहिली आणि पदवीनंतर इवाता तेथेच नोकरीला लागले.

निंटेंडोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी गोल्फचा गेम हवा होता, तेव्हाची गोष्ट. अठरा छिद्रांचे संपूर्ण मैदान त्या इवल्याशा काडतुसाच्या स्मृतीत मावणारच नाही, असे सांगून इतरांनी ते काम नाकारले होते. इवातांनी माहिती दाबून बसवण्याची स्वतःची पद्धत रचली आणि १९८४ साली तो गेम बाजारात आला. (कित्येक वर्षांनी, २०१७ साली, निंटेंडो स्विच यंत्राच्या पोटात हाच गोल्फ लपवून ठेवलेला सापडला, तो उघडण्यासाठी दिनांक ११ जुलै असावा लागे. त्या तारखेचा अर्थ पुढे येईल.) ‘मदर २’ या गेमचे काम वर्षानुवर्षे रखडले असताना त्यांनी त्या चमूपुढे दोन पर्याय ठेवले : आहे तेच दुरुस्त करायचे तर दोन वर्षे, नव्याने सुरुवात केली तर अर्धे वर्ष. चमूने दुसरा पर्याय निवडला आणि १९९४ साली गेम प्रसिद्ध झाला. ‘पोकेमॉन’च्या गोल्ड आणि सिल्व्हर आवृत्त्यांसाठीही त्यांनी संक्षेपाची साधने लिहून दिली, आणि त्या काडतुसात पूर्वीच्या गेममधला कांतो हा प्रदेशही सामावला. थोडक्यात, अपुऱ्या जागेत जास्तीत जास्त आनंद बसवणे हाच या माणसाचा धंदा होता.

१९९३ साली हाल कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली; डोक्यावर सुमारे दीड अब्ज येनचे कर्ज होते. निंटेंडोचे तत्कालीन प्रमुख हिरोशी यामाउची यांनी मदतीचा हात दिला, पण एका अटीवर : इवातांनी अध्यक्ष व्हावे. तेहतिसाव्या वर्षी हिशेबवह्या हाती घेणाऱ्या या प्रोग्रामरने पहिले काम केले ते प्रत्येक कर्मचाऱ्याशी एकट्याने बोलण्याचे. कर्ज फिटले. २००० साली ते निंटेंडोत आले आणि २००२ साली यामाउची घराण्याबाहेरचे पहिले अध्यक्ष झाले.

आता २०११च्या भाषणातील भीती समजून घ्यायची, तर त्याहूनही मागे जावे लागते.

१९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत घरगुती गेमयंत्रांचा बाजार फुगला. अटारीच्या यंत्रासाठी कोणीही काडतूस काढावे आणि दुकानात ठेवावे, अशी स्थिती होती. दर्जा तपासणारे कोणी नव्हते. वाईट गेमांचा पूर आला. गिऱ्हाइकाला कोणता गेम चांगला हे कळेना. विकला न गेलेला माल दुकानदारांनी मातीमोल भावाने काढला, आणि पाच डॉलरला मिळणाऱ्या ढिगापुढे चाळीस डॉलरचा चांगला गेमही पडून राहू लागला. १९८३ साली बाजार कोसळला. अटारीने न्यू मेक्सिकोतील ॲलामोगोर्डो येथे ट्रकांनी माल नेऊन जमिनीत गाडला. ही बरीच वर्षे दंतकथा मानली जात होती. २०१४ साली खोदकाम झाले आणि काडतुसे खरोखरच वर आली.

जपानमध्ये या घटनेला ‘अटारी शॉक’ असे नाव पडले, आणि तिचा सर्वांत खोल परिणाम झाला तो निंटेंडोवर. १९८५ साली अमेरिकेत उतरताना कंपनीने आपल्या यंत्रात कुलपासारखी चिप बसवली. परवान्यावाचून कोणाचेही काडतूस त्यात चालत नसे. दर्जाची मोहोर आली. एका प्रकाशकाने वर्षाला पाचच गेम काढावेत, असा नियम आला. यात मक्तेदारीचा भाग मोठा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रकाशक त्या अटींना कंटाळले होते आणि संधी मिळताच प्रतिस्पर्ध्यांकडे गेले. पण निंटेंडोच्या घरात एक धडा कायमचा कोरला गेला : माल अमर्याद झाला आणि किंमत घसरली की, आधी चांगले कारागीर मरतात आणि मग बाजार.

याच काळात दुसरीकडे फोनवरचा गेम हळूहळू मोठा होत होता. १९९७ साली नोकिया ६११० या फोनवर ‘स्नेक’ आला. काळ्या ठिपक्यांचा साप, त्याची वाढणारी शेपटी आणि चार दिशा. पुढे २००३च्या नोकिया ११००मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि भारतातील एका अख्ख्या पिढीची गेमशी पहिली ओळख झाली ती या सापाशी, निंटेंडोच्या मारिओशी नव्हे. जावा भाषेची छोट्या यंत्रांसाठीची आवृत्ती आल्यावर फोनसाठी गेम रचणाऱ्या कंपन्या निघाल्या. मुंबईत १९९९ साली सुरू झालेली ‘इंडियागेम्स’ ही त्यांतलीच एक. पण या धंद्याला दोन जाच होते. एकच गेम असंख्य प्रकारच्या फोनांवर, वेगवेगळ्या पडद्यांवर चालवून दाखवावा लागे. आणि गिऱ्हाइकापर्यंतची वाट मोबाइल सेवा कंपन्यांच्या हाती असे, त्या आपला वाटा आधी कापून घेत. २००३ साली नोकियाने ‘एन-गेज’ हा फोन आणि गेमयंत्र यांचा संकर काढला. त्यात गेम बदलायचा तर आधी बॅटरी काढावी लागे आणि बोलायचे तर फोनची कड कानाला लावावी लागे. निंटेंडोला त्याची धास्ती वाटण्याचे काही कारण नव्हते.

६ मार्च २००८ रोजी चित्र पालटले. ॲपलने आपल्या मुख्यालयात पत्रकार आणि निर्माते यांच्यासमोर आयफोनसाठी ॲप रचण्याची साधने जाहीर केली. फोनवरचे सॉफ्टवेअर या विषयावरच्या त्या सभेत दोन गेम-कंपन्यांचे प्रतिनिधी मंचावर आले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ‘स्पोअर’ दाखवला. सेगाने ‘सुपर मंकी बॉल’ दाखवला आणि सांगितले की अवघ्या दोन आठवड्यांत हे उभे केले. फोनची ताकद आधी कमी लेखली गेल्यामुळे चित्रे सुधारण्यासाठी आणखी एका कलाकाराला बोलवावे लागले. सभागृहातील निर्मात्यांसाठी गेमपेक्षाही महत्त्वाची होती ती वाटणी : विक्रीच्या रकमेतील ७० टक्के निर्मात्याला, ३० टक्के ॲपलला. मधली सेवा कंपनी नाही, काडतूस छापण्याचा खर्च नाही, पाच गेमांची मर्यादा नाही. १० जुलैला दुकान उघडले तेव्हा त्यात सुमारे ५०० ॲप होते. पहिल्या शनिवार-रविवारअखेर एक कोटी वेळा ॲप उतरवून घेतले गेले. ‘सुपर मंकी बॉल’ची किंमत होती ९.९९ डॉलर, आणि वीस दिवसांत त्याच्या तीन लाख प्रती खपल्या. हा ९.९९चा आकडा लक्षात ठेवावा.

सोन्याची खाण सापडल्याची बातमी पसरली. स्टीव्ह डीमीटर नावाच्या एका प्रोग्रामरने नोकरी सांभाळून केलेल्या ‘ट्रिझम’ या कोड्याच्या गेमने दोन महिन्यांत अडीच लाख डॉलर मिळवून दिले. पण खाणीत गर्दी झाली आणि दुकानाच्या रचनेतील एक बारकावा सर्वांना छळू लागला. गिऱ्हाईक गेम शोधत असे तो ‘सर्वाधिक खपाच्या’ यादीत. ही यादी ठरत असे ती उतरवून घेतलेल्या प्रतींच्या संख्येवर. मिळालेल्या पैशावर नव्हे. मग किंमत उतरवली की प्रती वाढत, प्रती वाढल्या की यादीत नाव वर जाई, नाव वर गेले की प्रती आणखी वाढत. दहा डॉलरचा गेम पाचवर आला, पाचचा एकवर. ९९ सेंट ही तळाची किंमत होती आणि बहुतेकांना तेथपर्यंत उतरणे भाग पडले. डिसेंबर २००९ मध्ये फिनलंडच्या रोव्हिओ कंपनीचा ‘अँग्री बर्ड्स’ आला तो ९९ सेंटांनाच. त्यापूर्वी पन्नासावर गेम करून ही कंपनी डबघाईला आली होती, ही बाब त्याच्या यशाच्या कथांत सहसा शेवटच्या परिच्छेदात येते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फुकट ॲपच्या आत खरेदी करण्याची सोय झाली आणि तळाच्याही खाली एक पायरी निर्माण झाली : शून्य.

ॲपलला याची चिंता वाटण्याचे कारण नव्हते. तिचा नफा फोन विकण्यात होता. गेम जितके जास्त आणि जितके स्वस्त, तितका फोन आकर्षक. निंटेंडोचे गणित उलटे होते. यंत्रावर बेताचा नफा आणि खरी कमाई गेमांच्या विक्रीवर. एका कंपनीसाठी गेम म्हणजे फोनसोबतचा मसाला होता, दुसरीसाठी तेच जेवण. २०११च्या भाषणातील वादाचे मूळ या एवढ्याशा फरकात आहे.

त्या सकाळी इवातांनी सुरुवात सौम्य केली. गेल्या पंचवीस वर्षांचा आढावा, जुन्या यंत्रांची आठवण, काही विनोद. मध्येच निंटेंडोच्या अमेरिकन शाखेचे प्रमुख रेजी फिस-एमे मंचावर आले आणि त्यांनी नव्या ‘थ्रीडीएस’ या हातयंत्राची जाहिरात केली. ते यंत्र त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेत यायचे होते. भाषणाचा हा भाग आज ऐकताना खटकतो. धोक्याची घंटा वाजवणारा माणूस आपल्या दुकानाचा पत्ताही देत होता आणि समोरच्या श्रोत्यांना ते दिसत होते.

अखेरच्या भागात सूर बदलला. इवातांनी तीन चिंता मांडल्या. पहिली कारागिरीची : प्रकल्प अवाढव्य झाले की बारीकसारीक कामावर हात फिरवायला कोणाला वेळ उरत नाही. दुसरी माणसांची : प्रत्येक जण एका छोट्या तुकड्याचा तज्ज्ञ होतो, संपूर्ण गेम डोक्यात धरणारा पुढचा निर्माता घडणार कोठे? तिसरी चिंता मोबाइलची. त्यांचे म्हणणे असे होते की, फोन आणि समाजमाध्यमांवर गेम विकणाऱ्या कंपन्यांना जास्तीत जास्त सॉफ्टवेअर गोळा करायचे असते, कारण त्यांचा पैसा संख्येतून येतो. त्या सॉफ्टवेअरचे मोल टिकते की नाही, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. हजारो गेमांच्या गर्दीत एखाद्याने आपला गेम लोकांच्या नजरेस आणायचा तरी कसा? हा व्यवसाय अशा रीतीने दुभंगत आहे की, गेम करून उपजीविका करणाऱ्यांच्या रोजगारावरच गंडांतर येईल, अशी भीती त्यांनी बोलून दाखवली. आपण जे घडवतो त्याला मोल आहे आणि ते राखले पाहिजे, हे त्यांचे आवाहन होते.

ॲपलचे नाव त्यांनी उच्चारले नाही. गरजही नव्हती, अनेक पत्रकार एव्हाना रस्त्यापलीकडच्या सभागृहाकडे निघाले होते.

प्रतिक्रिया दोन तटांत विभागल्या. त्याच अधिवेशनात स्मार्टफोनवरील गेमसाठी स्वतंत्र सत्रे भरली होती आणि तेथे बसलेल्या अनेकांना निंटेंडोच्या यंत्रासाठी गेम करण्याचा परवाना कधीच मिळाला नसता. त्यांच्या दृष्टीने दरवाजा उघडला होता तो फोननेच. आणि आता जुन्या वाड्याचा मालक गावात गर्दी झाल्याची तक्रार करत होता. त्याच मार्च महिन्यात ऑस्टिन येथील एका परिषदेत रोव्हिओच्या पीटर वेस्टरबाका यांनी, कन्सोलवरच्या गेमांचेच दिवस भरले आहेत, अशा अर्थाचे उत्तर दिले.

इवातांच्या युक्तिवादात एक उणीव होती आणि ती त्यांच्याच यशातून आलेली होती. २००४ साली निंटेंडोचे ‘डीएस’ आले, त्याला स्पर्शाने चालणारा पडदा होता. मेंदूला व्यायाम देणारे गेम, कुत्र्याची पिल्ले पाळण्याचे गेम असे काढून कंपनीने आजीआजोबांना आणि गेमकडे कधी न फिरकलेल्या माणसांना गिऱ्हाईक केले. २००६च्या ‘वी’ने तेच दिवाणखान्यात केले. गेम खेळणाऱ्यांचे वर्तुळ वाढवायचे, हे इवातांचे धोरण होते आणि ते अफाट यशस्वी झाले. डीएस १५ कोटींहून अधिक खपले, वी १० कोटींहून अधिक. पण या नव्या गिऱ्हाइकाला गेमयंत्र नको होते, थोडा विरंगुळा हवा होता. तो विरंगुळा खिशातल्या फोनवर ९९ सेंटांना, पुढे फुकटात मिळू लागला, तेव्हा त्याने निंटेंडोचा हात सोडला. बोटाने पडदा हाताळायला ज्यांना निंटेंडोने शिकवले, ती माणसे तेच बोट घेऊन ॲपलच्या दुकानात गेली.

भाषणानंतरचे महिने कठीण गेले. थ्रीडीएसची अमेरिकेतील किंमत २४९.९९ डॉलर होती आणि विक्री मंद. जुलै २०११च्या अखेरीस, म्हणजे भाषणानंतर पाच महिन्यांच्या आत, कंपनीने ती १६९.९९ वर आणल्याचे जाहीर केले. मोल राखा असे सांगणाऱ्या अध्यक्षाला स्वतःच्याच यंत्राचे मोल एक तृतीयांशाने उतरवावे लागले. या निर्णयाबरोबर इवातांनी आपला पगार निम्मा केला. आधीच पूर्ण किमतीला घेतलेल्यांची नाराजी दूर करण्यासाठी त्यांना जुने वीस गेम फुकट देण्यात आले. यातही काव्यगत न्याय होताच. मार्च २०१२ला संपलेल्या वर्षात निंटेंडोला ४३.२ अब्ज येनचा निव्वळ तोटा झाला.

भागधारकांनी दोन मागण्या लावून धरल्या : कर्मचारी कमी करा आणि मारिओला फोनवर आणा. पहिल्या मागणीला इवातांनी २०१३च्या भागधारक सभेत दिलेले उत्तर आजही सांगितले जाते. नोकरी जाईल या भीतीत काम करणारा माणूस जगाला भारावून टाकणारा गेम करू शकेल असे वाटत नाही, असा त्याचा आशय होता. हाल कंपनीच्या कर्जबाजारी दिवसांत एकेकाशी बोललेला प्रोग्रामर या उत्तरात दिसतो. ‘वी यू’ हे पुढचे यंत्र अपयशी ठरल्यावर, जानेवारी २०१४ मध्ये, त्यांनी पुन्हा काही महिन्यांसाठी स्वतःचा पगार निम्मा केला.

दुसऱ्या मागणीपुढे मात्र ते हळूहळू झुकले. १७ मार्च २०१५ रोजी तोक्योत पत्रकार परिषद झाली. इवातांच्या शेजारी डीएनए या कंपनीचे प्रमुख बसले होते. जपानमध्ये फोनवरचे सामाजिक गेम घराघरांत नेणाऱ्या कंपन्यांपैकी ही एक. चार वर्षांपूर्वी ज्या व्यवसायाच्या रीतीविषयी त्यांनी इशारा दिला होता, त्यातल्याच एका अग्रणीशी हा करार होता. निंटेंडोची पात्रे फोनवर येणार, हे जाहीर झाले. गेमयंत्रांवरचा आपला विश्वास उडालेला नाही हे पटवण्यासाठी त्यांनी त्याच सभेत ‘एनएक्स’ या टोपणनावाने एका नव्या यंत्राचे काम चालू असल्याचेही सांगितले. तेच पुढे ‘स्विच’ झाले.

एव्हाना त्यांची प्रकृती ढासळली होती. आदल्या वर्षी पित्तनलिकेतील गाठीवर शस्त्रक्रिया झाली होती. ११ जुलै २०१५ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

करारातून निघालेला मारिओचा गेम त्यांनी पाहिला नाही. ७ सप्टेंबर २०१६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ॲपलच्या सोहळ्यात शिगेरू मियामोतो मंचावर आले आणि त्यांनी ‘सुपर मारिओ रन’ जाहीर केला. निंटेंडोचा सर्वांत मोठा कारागीर ॲपलच्या व्यासपीठावर उभा होता. साडेपाच वर्षांपूर्वी ज्या दोन सभागृहांत दोन वेगळी भाषणे झाली होती, त्यांच्यामधला रस्ता त्याने ओलांडला होता. मात्र किंमत ठरवताना इवातांचेच म्हणणे पाळले गेले. थोडा भाग चाखायला फुकट, पुढचा संपूर्ण गेम एकदाच पैसे देऊन. आत नाणी विकायची नाहीत, रत्ने विकायची नाहीत, वाट पाहायला लावून पैसे उकळायचे नाहीत. ती किंमत होती ९.९९ डॉलर : आठ वर्षांपूर्वी ‘सुपर मंकी बॉल’ ज्या किमतीला विकला गेला, तीच.

२००८ साली ती किंमत कोणाला खटकली नव्हती. डिसेंबर २०१६ मध्ये मात्र गिऱ्हाइकांच्या तक्रारींचा पाऊस पडला. एका फोनवरच्या गेमला दहा डॉलर मागणे अनेकांना उद्धटपणाचे वाटले. निंटेंडोचा समभागही घसरला. फेब्रुवारी २०१७ मध्ये आलेला ‘फायर एम्ब्लेम हीरोज’ कंपनीने फुकट ठेवला आणि आत खरेदीची सोय केली. उतरवून घेणाऱ्यांची संख्या कितीतरी कमी असूनही त्याने जास्त पैसा मिळवला. ऑक्टोबर २०१७ मध्ये इवातांचे उत्तराधिकारी तात्सुमी किमिशिमा यांनी हिशेब दिला : ‘सुपर मारिओ रन’ २० कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतला गेला होता, आणि त्यातून मिळालेला नफा अजून समाधानकारक पातळीपर्यंत पोहोचला नव्हता.